पिकअपला मागे जादा रिव्हर्स लाईट लावताय? मग आधी वायरिंग समजून घ्या

पिकअपला मागे जादा लाईट लावायची म्हटलं की सगळी चर्चा लाईटीवरच होते, किती वॅटची घ्यायची, किती एलईडीची, कुठल्या दुकानात स्वस्त मिळेल वगैरे. लाईट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो, आणली, दोन नटांवर बसवली, झालं. काम बिघडतं ते दोन ठिकाणी, करंट तिच्यापर्यंत कुठल्या रस्त्याने येतो इथे, आणि उजेड ड्रायव्हर जिथे बघतो तिथे पडतो की नुसता मागच्या झाडावर पडतो इथे. या दोन गोष्टी एकदा डोक्यात बसल्या की बाकीचं काम कुठलाही बरा वायरमन करून देतो, आणि तो बरोबर करतोय का हे तुम्हालाही कळतं.

आधी मुळात गरज का पडते ते बघू. आपल्याकडे पिकअपचं अर्धं आयुष्य रात्री जातं. नारायणगावकडचा टोमॅटो असो नाहीतर नाशिककडची द्राक्षं, माल पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला लागायचा म्हणजे भरणी संध्याकाळी किंवा रात्री शेतातच होणार, आणि शेतात जायची जी पाणंद असते तिथे गाडी वळवायला जागा नसते म्हणून रस्त्यावरूनच रिव्हर्स टाकून सरळ आत न्यायची, एका बाजूला ठिबकचे पाईप, दुसऱ्या बाजूला बांध, मधेच कुठेतरी कठडा नसलेली विहीर. क्लीनर मागे मोबाईलचा टॉर्च घेऊन "येऊ द्या, येऊ द्या" करत असतो आणि तो स्वतःच गाडी आणि बांधाच्या मधे उभा असतो. याच्याइतकी धोक्याची पद्धत दुसरी नाही, पण सगळीकडे हेच चालतं.

बहुतेक गाड्यांत कंपनीची रिव्हर्स लाईट म्हणजे २१ वॅटचा साधा बल्ब असतो, काही गाड्यांना दोन्ही बाजूला, काहींना एकाच बाजूला. असा बल्ब साधारण ४६० ल्युमेन उजेड देतो. तुलनेला सांगतो, एच-४ हेडलाईटचा एक बल्ब लो बीमवर १००० ल्युमेनच्या आसपास देतो आणि वर तो उजेड नीट पुढे फेकायला मोठा रिफ्लेक्टर असतो. मागच्या बल्बला तसं काही नाही, मागच्या माणसाला गाडी मागे येतेय एवढं कळावं हे त्याचं मुख्य काम. त्यात ती काच खाली, चाकाच्या जवळ, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने एकदा लिंपली की उरलासुरला उजेडही गेला. म्हणून जादा लाईट लावायच्या आधी फडकं मारून जुनी काच पुसून बघा, होल्डरला गंज आहे का बघा. काही लोकांचं काम तेवढ्यावरच भागतं.

आता वायरिंग. गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच स्क्रूसारखा बसवलेला असतो. रिव्हर्स गिअर पडला की आतून तो दाबला जातो आणि सर्किट पूर्ण होतं. करंट इग्निशनमधून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून या स्विचमध्ये, तिथून मागच्या बल्बला आणि बल्बमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या लोखंडाला. एवढाच रस्ता आहे. आता कंपनीने हा रस्ता दोन बल्बच्या हिशोबाने केलाय, २१ अधिक २१ म्हणजे ४२ वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साडेतीन अँपिअर. वायर त्या मापाची, स्विचचे पॉईंट त्या मापाचे, फ्यूजही त्याच हिशोबाचा.

मग घाईचा वायरमन काय करतो, मागच्या बल्बची वायर सोलतो, जादा लाईटीची वायर तिला पीळ मारून जोडतो, वर काळी टेप, पाच मिनिटात लाईट चालू. तुम्ही जर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले असतील तर ते ११० वॅट म्हणजे नऊ अँपिअरच्या वर झाले, जुने साडेतीन धरून जवळपास तेरा. कधीतरी फ्यूज उडणार. मग फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा सरळ तारेचा तुकडा, आणि इथून खरी गडबड सुरू होते कारण आता कमकुवत जागा म्हणजे ती बारीक वायर नाहीतर गिअरबॉक्सवरचा स्विच. स्विचचे पॉईंट जळले तर निदान लाईट बंद पडून कळतं तरी, वायर मात्र हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, आत शेजारच्या चार वायरींना चिकटून तापत राहते आणि कोणाला पत्ता नसतो. गाडीच्या इलेक्ट्रिकल आगी बऱ्याचदा अशाच जोडकामातून लागतात.

यावर उपाय म्हणजे रिले. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, काडेपेटीपेक्षा लहान काळा डबा असतो आणि कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मार्केट यार्डातला मुकादम स्वतः क्रेट उचलत नाही, तो फक्त "उचला रे" म्हणतो आणि ओझं हमाल उचलतात, रिव्हर्सच्या जुन्या वायरीला आपण तसं मुकादम करायचं. ती फक्त रिलेला इशारा देणार. लाईटीचा जड करंट बॅटरीकडून वेगळ्या जाड वायरीने येणार, आणि त्या दोघांचा एकमेकांशी थेट संबंधच नाही.

रिलेच्या बुडाला चार पिना असतात आणि त्यांचे नंबर जवळपास सगळीकडे सारखेच असतात. ८५ आणि ८६ या आतल्या कॉईलच्या दोन पिना, म्हणजे इशाऱ्याची बाजू. ८६ ला रिव्हर्सची वायर द्यायची, ८५ ला अर्थ. ३० वर बॅटरीचा प्लस येतो फ्यूजमधून, आणि ८७ वरून लाईटीला जातो. रिव्हर्स टाकला की कॉईलमध्ये करंट जातो, ती चुंबक होते, आतली पत्ती ओढते आणि ३० व ८७ जोडले जातात. कॉईल जेमतेम ०.१५ अँपिअर खाते, म्हणजे जुन्या सर्किटला त्याचा भारच नाही. पाच पिनांचा रिले मिळाला तर पाचवी ८७ए लिहिलेली पिन मोकळी सोडा, ती उलटी चालते, कॉईल बंद असताना तिथे करंट असतो, आणि चुकून लाईट तिच्यावर जोडली तर गाडी पुढे जाताना मागे लख्ख उजेड आणि रिव्हर्स टाकला की अंधार. बऱ्याच जणांचं हे होतं. अजून एक, रिले बंद होताना कॉईल एक क्षणभर मोठा व्होल्टेजचा झटका मागे फेकते, आजकालच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असतो म्हणून आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले मागून घ्या. डायोडवाल्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे पाळावंच लागतं, साध्यात उलटं झालं तरी चालतं.

सगळ्यांनाच रिले लागतो का? नाही. दहा-दहा वॅटच्या दोन छोट्या एलईडी लावणार असाल तर ते पावणेदोन अँपिअर सुद्धा होत नाही, म्हणजे जेमतेम अजून एका बल्बचा भार. त्यातही जुने २१ वॅटचे बल्ब काढून तिथे चांगले एलईडी बल्ब टाकले तर उलट भार कमीच होतो. पण त्याच्या वर गेलात की रिले टाकाच, शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी कोणी घासाघीस करत असेल तर त्याच्याकडून वायरिंग करून घेऊ नका.

रिव्हर्सची वायर शोधायची कशी? रंगावर विश्वास ठेवू नका, मॉडेल बदललं की रंग बदलतो. गिअरबॉक्सवरच्या त्या स्विचला दोन वायरी येतात. सपाट जागेवर गाडी, हँडब्रेक, चाकाला पुढे मागे दगड, इंजिन बंद आणि इग्निशन चालू, मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, लावा. जी वायर कायम १२ व्होल्ट दाखवते ती येणारी, आणि जी फक्त रिव्हर्स टाकल्यावर १२ दाखवते ती आपली. मागच्या लाईटीच्या प्लगमध्येही हीच वायर सापडते, पण रिले पुढे बॅटरीजवळ ठेवायचा असेल तर गिअरबॉक्सकडून घेणं जवळ पडतं. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापायचीच नाही, प्लगच्या मधे बसणारा जोड करून घ्या, नाहीतर उद्या हेडलाईट बंद पडली तरी बोट याच जोडाकडे दाखवलं जाईल.

फ्यूज हा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. मागे लाईटीजवळ फ्यूज लावून काही उपयोग नाही, कारण फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, आणि वायर तर बॅटरीपासूनच सुरू होते. मधे कुठे चासीला घासून सोलली तर बॅटरी आणि त्या जागेच्या मधे फ्यूज पाहिजे ना. १८ वॅटच्या दोन एलईडी म्हणजे तीन अँपिअर, त्याला तपकिरी साडेसातचा फ्यूज बास. हॅलोजनची जोडी असेल तर निळा पंधराचा.

वायरीच्या जाडीवर लोक पैसे वाचवतात आणि मग म्हणतात लाईट मंद आहे. बॅटरीपासून मागच्या टोकापर्यंत वळणं धरून सहा मीटर वायर सहज लागते. एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून नऊ अँपिअर नेले तर सहा मीटरमध्ये जवळपास एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो, अडीचची वायर घेतली तर तोच आकडा ०.४ च्या खाली येतो. एक व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड जवळपास ३० टक्के उतरतो. एलईडीला हा त्रास कमी, तीन अँपिअरला दीडची वायर पुरेशी आहे, सहा मीटरला ०.२ व्होल्ट जातो फक्त. वायर बारीक तारांची मल्टीस्ट्रँड घ्या, एकाच जाड तारेची वायर गाडीच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरून दिसत पण नाही. सगळी वायर फ्लेक्सिबल पाईपमधून चासीच्या आतल्या बाजूने न्यायची, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, आणि पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या, जवळून नेताना ढील ठेवायची कारण खड्ड्यात पाटे वर खाली होतात. जोड असेल तिथे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नुसती टेप पहिल्या उन्हाळ्यात चिकट होते आणि पहिल्या पावसात सुटते.

अर्थिंगबद्दल दोन शब्द जास्त बोलतो कारण निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. लाईट फडफडते, कधी लागते कधी नाही, ब्रेक दाबला की मंद होते, हे सगळं अर्थचं दुखणं. हौद्याच्या पत्र्याला अर्थ देऊ नका. हौदा आणि चासीच्या मधे पॅकिंग असतं, रंग असतो, गंज असतो, आज लागेल उद्या लागणार नाही. अर्थ चासीलाच द्यायचा, रंग खरवडून चकाकता लोखंड काढायचा, दातेरी वायसर, थिंबल, घट्ट बोल्ट आणि वरून ग्रीसचा हात.

आता लाईट कुठली. स्पॉट नको, फ्लड पाहिजे, म्हणजे लांब बारीक झोत टाकणारी नको, जवळ पसरणारी हवी. मागे जाताना तुम्हाला शंभर मीटरवरचं काही बघायचं नसतं, पाच-सात मीटरमधला बांध आणि नाली बघायची असते. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका, मल्टिमीटरने अँपिअर मोजले की खरं कळतं, ७२ वॅट लिहिलेली लाईट १२ व्होल्टवर दीड अँपिअरच घेत असेल तर ती १८ वॅटची आहे, हिशोब संपला. पाण्याचं बघताना आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाणार नाही असा अर्थ, पण सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्याची ती हमी नाही, त्यासाठी आयपी ६९के लागतं. वॉशिंगवाल्याला त्या कोपऱ्यावर जेट मारू नको सांगितलेलं बरं. रंग पांढराच हवा, पण निळसर झाक असलेला नको, ओल्या काळ्या जमिनीवर तो डोळ्यात जातो आणि दिसत काहीच नाही असं माझं मत आहे.

आणि बसवायची कुठे, हा भाग लोक अगदीच घाईत उरकतात. हौदा क्रेटने भरलेला, वर ताडपत्री, म्हणजे केबिनच्या मागच्या काचेतून काही दिसत नाही. ड्रायव्हर फक्त दोन साईड मिररमध्ये बघतो. मग उजेड नंबरप्लेटच्या मधोमध टाकून काय फायदा? मिररमध्ये दिसते ती हौद्याची कड, मागचं चाक आणि त्याच्या बाहेरची पट्टी, उजेड तिथे हवा. म्हणून दोन लाईटी, दोन्ही टोकांना, प्रत्येक थोडी बाहेरच्या बाजूला वळवलेली. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, खाली, आडव्या चॅनेलच्या आत सरकवून बसवा, नाहीतर पहिल्याच धक्क्याला प्लॅटफॉर्मवर काच जाईल. टेललाईट आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही एवढं बघा. आणि फाळका उघडून खाली सोडला की तो लाईटीसमोर येतो का तेही आधीच उघडून बघा.

कोन ठरवताना गाडी भरलेली असू द्या, यामागे साधं गणित आहे. लाईट जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर आणि १० अंश खाली झुकवली तर झोताचा मध्य साधारण चार मीटरवर जमिनीला लागतो. दीड टन माल भरला की मागचे पाटे बसतात, समजा १० सेंटीमीटर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटर धरला तर अख्खी गाडी जवळपास दोन अंश मागे कलते, म्हणजे लाईट खाली पण आली आणि जास्त झुकली पण. झोत आता तीन मीटरच्याही आत पडतो. रिकाम्या गाडीवर मस्त सेट केलेली लाईट नेमकी भरल्यावर, जेव्हा तिची गरज असते तेव्हा, स्वतःच्या बंपरखालीच उजेड पाडत बसते. म्हणून भरलेल्या गाडीवरच कोन पकडून नट आवळा.

बऱ्याच जणांना रिव्हर्सशिवायही लाईट चालू व्हायला हवी असते, भरणीच्या वेळी हौद्यामागे उजेड म्हणून. त्याला तीन जागांचा स्विच लागतो, मधे बंद, एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. स्विचची मधली पिन रिलेच्या ८६ ला, एका टोकाला रिव्हर्सची वायर, दुसऱ्या टोकाला इग्निशनचा प्लस छोट्या फ्यूजमधून. काही जण स्विच वाचवायला या दोन वायरी सरळ एकत्र बांधतात, मग मॅन्युअल लावलं की करंट उलटा रिव्हर्सच्या वायरीत शिरतो आणि कंपनीची रिव्हर्स लाईट, कॅमेरा, बझर सगळं चालू. तीन जागांच्या स्विचमध्ये एका वेळी एकच रस्ता जोडला जातो म्हणून हे होत नाही. मॅन्युअलला डॅशबोर्डवर एक लाल इंडिकेटर लावाच, म्हणजे मागे लाईट चालू ठेवून हायवेला लागलात तर निदान डोळ्यासमोर दिसेल.

कारण कायदा इथे आडवा येतो, आणि बरोबरच येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ सांगतो की गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये, त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यात नंबरप्लेटची लाईट आणि रिव्हर्स घेताना लागणारी पांढरी लाईट येते. म्हणजे रिव्हर्स घेताना ठीक, चालत्या गाडीला मागे पांढरा झोत चुकीचा. घाटात रात्री पुढच्या गाडीच्या मागे पांढरी लाईट दिसली की मागच्याला क्षणभर कळतच नाही ही समोरून येतेय की मागे येतेय. पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टरने जादा लाईटीवर आक्षेप घेतला तर वाद घालत बसण्यापेक्षा लाईटीला प्लग-सॉकेट ठेवलेलं बरं, दोन नट सोडले, प्लग काढला, लाईट हातात.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी. रिलेच्या पिना खालच्या बाजूला येतील असा तो बसवायचा म्हणजे पाणी साचत नाही.

सगळं झाल्यावर वायरमनला लगेच पैसे देऊ नका, एक चाचणी करायला लावा. गाडी पुन्हा दगड लावून उभी, लाईटी चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाईटीच्या प्लसला, त्यासाठी लांब वायर जोडावी लागेल. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत आला पाहिजे. तसंच बॅटरीचा मायनस आणि लाईटीचा मायनस, तिथे तर त्याहून कमी. पहिला आकडा जास्त आला तर फ्यूज होल्डर, रिलेचं सॉकेट आणि थिंबल एकेक करून हाताने चाचपा, जो जोड गरम लागतो तोच ढिला आहे. दुसरा जास्त आला तर चासीवरचा बोल्ट सोडून परत खरवडायचा. पहिल्या दोन-चार भरलेल्या खेपा झाल्या की लाईटीचे नट आणि तो अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, नवीन बसवलेलं सगळंच आपल्या रस्त्यांवर थोडं ढिलं होतं.